आर्डिस आजीची परीक्षा

मे महिना लागता लागता आर्डिस आजी डेट्रॉइटहून मुलाकडे राहायला आली. तिच्या दोन बॅगांपैकी एक इतकी जड होती, की डर्कनं ती गाडीतून काढताना कंबर धरली. आत विटा भरल्यात का, असं त्यानं आईला विचारलं. उपयोगाच्या वस्तू आहेत, एवढंच ती म्हणाली. मग दारात ओळीनं उभ्या असलेल्या तिन्ही नातवंडांवरून तिनं नजर फिरवली. आयुष्यभर सरकारी शाळेत तिसरीचा वर्ग सांभाळलेली बाई ती. कुणाला पुढच्या बाकावर बसवायचं आणि कुणाला मागच्या, हे तिथल्या तिथं ठरवत असल्यासारखी ती नजर होती.

तिर्झाला ती नजर कळली. ती अकरा वर्षांची, घरात थोरली. तिच्या पाठचा सायलस नऊचा आणि धाकटा ओबेद, म्हणजे ओबी, पाचाचा. तिघांपैकी कुणीही आजवर शाळेची पायरी चढलेलं नव्हतं. त्यांची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची. सकाळी ओटमीलची भांडी उचलली की आई, म्हणजे नेल्डा, एक स्तोत्र वाचायची, सगळे मिळून एक गाणं म्हणायचे, मग गणित, व्याकरण, थोडं लॅटिन. दुपारी रबरी बूट चढवून मंडळी घरामागच्या दलदलीकडे निघायची. तिथं जे दिसेल ते नीट बघायचं आणि रात्री जेवताना सगळ्यांना सांगायचं, असा आईचा नियम होता. देवानं केलेली वस्तू बघताना घाई करायची नसते, असं ती म्हणायची. चर्चमधली आणखी चार-पाच कुटुंबं अशीच घरी शिकवणारी होती, त्यामुळे मुलांना यात काही जगावेगळं वाटत नव्हतं.

आजीला मात्र वाटत होतं. आणि ते तिर्झाला कळलं, ते एका बेडकामुळे.

आजी येऊन दोन दिवस झाले होते. व्हरांड्याच्या फळ्यांखाली एक भला मोठा भेक, म्हणजे खरबरीत कातडीचा बेडूक, राहत होता. तो कात कशी टाकतो ते बघायला तिर्झा पोटावर सरपटत आत शिरली होती. वर आजी झुलत्या खुर्चीत बसून आपल्या बहिणीशी फोनवर बोलत होती.

"नेल्डा मनानं चांगली आहे गं, पण शिक्षिका आहे का ती? सकाळी प्रार्थना आणि मग दिवसभर पोरं बेडकांच्या मागं. मी काढून घेते एकेकाकडून, किती येतं ते. तिला कळूसुद्धा देणार नाही. काय निघणार ते मला आत्ताच माहीत आहे म्हणा."

भेकानं कात टाकली की नाही हे तिर्झानं पाहिलंच नाही. आजी येणार म्हणून आई आठवडाभर घर घासत होती, पडदे धूत होती, मुलांच्या नखांपर्यंत तपासत होती. आणि आजीला काय निघणार ते आधीच माहीत होतं. ठीक आहे, तिर्झाच्या मनात आलं. माहीतच आहे, तर तेच निघू दे.

कोंबड्यांच्या खुराड्यामागं तिनं भावांना बोलावलं आणि बेत सांगितला. आजी हळूच प्रश्न विचारेल, आणि आपण ठार अडाणी असल्यासारखं वागायचं. ओबीनं तर लगेच तोंड उघडं टाकून जीभ बाहेर काढून दाखवली. सायलस मात्र घोटाळला. तो मुळातच पापभीरू. खोटं बोलणं पाप आहे, आणि आजीशी खोटं बोलणं तर 'आईबापांचा मान राखा' या देवाच्या आज्ञेविरुद्धही जातं, असं त्याचं म्हणणं.

तिर्झानं त्याचाही विचार करून ठेवला होता. खोटं कुणीच बोलायचं नाही. एकतर उलट प्रश्न विचारायचा, नाहीतर खरंच पण भलतंच काहीतरी सांगायचं. "येत नाही" असं चुकूनही म्हणायचं नाही. आणि बायबलमधलं काही विचारलं तर सरळ, बरोबर उत्तर द्यायचं, कारण त्यात थट्टा नको. सायलसनं बराच वेळ डोकं खाजवलं, पण त्याला यात पाप कुठं ते सापडेना.

दुसऱ्याच दिवशी आजीनं सुरुवात केली. भांडी पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं करून, तिनं सायलसला आठ साते किती ते विचारलं.

सायलसनं हातातल्या बशीकडे पाहिलं. "आजी, हे आठ म्हणजे बश्या की वाट्या?"

आजीनं सांगितलं, काहीही धर. सायलस म्हणाला की वाट्या असतील तर त्या वरच्या फळीवर ठेवतात आणि त्याचा हात तिथं पोचत नाही. हे शब्दशः खरं होतं.

मग तिर्झाची पाळी आली. मिशिगनची राजधानी कुठली, असं आजीनं विचारल्यावर तिनं अगदी भोळेपणानं विचारलं, की आपण कधी गेलोय का गं तिथं? जगातला सगळ्यात मोठा महासागर कुठला, या प्रश्नाला सायलसनं आपण अजून एकही पाहिलेला नाही, पण मागं तळं आहे, ते चांगलं मोठं आहे, असं सांगितलं. ओबीला आजीनं सोपा प्रश्न घातला. अंडं कुठून येतं?

"फ्रीजमधून," ओबी म्हणाला. सकाळीच त्यानं तिथून आणून दिलं होतं.

आजीनं चष्मा काढला आणि पुन्हा घातला. मग तिनं विचारलं, इस्राएलचा पहिला राजा कोण? त्यावर सायलसनं शौलाचं नाव सांगितलं, त्याच्या बापाचं सांगितलं, तो हरवलेली गाढवं शोधायला निघाला होता तिथपासून सगळी हकीकत न थांबता सांगितली. मग त्यानं बशी पुसून ठेवली. आजी त्याच्याकडे बघतच राहिली. तिला जी भीती होती तीच खरी ठरत होती. बायबल तोंडपाठ, आणि बाकी सगळी पाटी कोरी.

दोन-तीन दिवस हे असं चाललं. खुराड्यामागं पोरं पोट धरधरून हसायची, कोंबड्या लांबून बघायच्या. जड बॅगेतून प्रश्नांची कार्डं निघाली होती. आजी ती एप्रनच्या खिशात घालून हिंडायची आणि एकटं पोर दिसलं की गाठायची. कुणाचं उत्तर सगळ्यात खरं आणि सगळ्यात निरुपयोगी, याची भावंडांत पैज लागायची. वर्षाचे महिने किती, या प्रश्नाला ओबीनं आपला वाढदिवस ऑक्टोबरात येतो आणि केक दालचिनीचा असतो, असं उत्तर दिलं, तेव्हा तिर्झाला रानातले मोरेल मशरूम शोधायचं निमित्त काढून झाडीत पळावं लागलं.

एकदाच तिला जरा कसंसं झालं. संध्याकाळी ती आजीच्या खोलीत धुतलेले टॉवेल ठेवायला गेली. आजी पलंगाच्या कडेला बसली होती आणि तिचे डोळे लाल होते. तिनं तिर्झाचा हात धरून जवळ बसवलं आणि म्हणाली, "यात तुझी काही चूक नाही, बाळ." तिर्झानं टॉवेल ठेवले आणि ती बाहेर पडली. त्या रात्री ती नेहमीपेक्षा थोडी लांबलचक प्रार्थना करून झोपली. पण बेत काही तिनं मोडला नाही.

बेत मोडला तो ओबीनं.

गुरुवारी सगळे दलदलीकडे निघाले. आजीही निघाली. रबरी बूट घाला, असं नेल्डानं तिला दोनदा विनवलं. "आर्डिस, तुमचे हे बूट तिथं टिकायचे नाहीत," ती म्हणाली. पण आजीनं आपले शहरी, नाडीचे बूटच घातले. अशा बुटांनी आपण शाळेचं मैदान जन्मभर तुडवलंय, असं तिचं म्हणणं. पाणथळीच्या काठावर आई पुढं सायलसला घेऊन बदकं बघायला गेली. मागं आजी, तिर्झा आणि ओबी उरले. तेवढ्यात लव्हाळ्यातून एक मोठा राखी पक्षी उठला आणि सावकाश पंख मारत डोक्यावरून गेला.

"बघ ओबी, क्रौंच," आजी म्हणाली.

ओबीचा चेहरा लाल झाला. त्यानं ओठ आत दुमडून धरले. तिर्झानं त्याच्याकडे डोळे वटारले. पण बिचारा पाच वर्षांचा, किती धरून ठेवणार?

"तो क्रौंच नाहीये आजी, बगळा आहे. त्यानं मान दुमडलीय बघ. क्रौंच मान सरळ लांब ठेवून उडतो. आणि क्रौंच झाडावर बसत नाही, त्याचा मागचा अंगठा छोटा असतो ना, त्याला फांदी धरता येत नाही. बगळ्याला येते." एकदा बांध फुटला तो फुटलाच. त्यानं आजीला हात धरून पुढं नेलं. ही दुर्गंधी मारणारी कोबीसारखी पानं बर्फ असतानाच उगवतात, कारण त्यांचं फूल आतून गरम असतं. हा आवाज पाखरांचा नाही, अंगठ्याएवढ्या बेडकांचा आहे, ते घसा फुगवून ओरडतात. नर ओरडतात, मादी ऐकते. "आणि अंडं," शेवटी तो कमरेवर हात ठेवून म्हणाला, "कोंबडीतून येतं. पंचवीस तास लागतात."

आजी म्हणाली, "अस्सं." पुढच्याच पावलाला तिचा डावा बूट चिखलात रुतला, ओढला तसा पाय मोकळा आला आणि बूट आतच राहिला. मग त्याच्या शोधात सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले. या गडबडीत ओबीचं भाषण आजीच्या लक्षात राहिलं नसणार, अशी तिर्झानं मनाची समजूत घातली.

त्या संध्याकाळी भांडी आई आणि आजी दोघींनीच घासली. दार लावून घेतलं होतं. आतून मध्येच हसण्याचा आवाज आला. या दोघी एकमेकींबरोबर हसतात, हे तिर्झानं आजवर ऐकलं नव्हतं. तिला ते काही ठीक वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तोत्र झालं, गाणं झालं, आणि आईनं व्याकरणाची पुस्तकं काढायच्या ऐवजी हात पुसले. आजीला मुलं शिकवण्याचा मोठा अनुभव आहे, ती म्हणाली. मुलांचा पाया कच्चा आहे असं तिच्या लक्षात आलंय, तेव्हा काही दिवस आजीच शिकवेल. एवढं बोलून ती चुलीकडे वळली आणि रिकामं पातेलं ढवळू लागली.

जड बॅगेतून आता बालवाडीची पुस्तकं निघाली. पानभर सफरचंदाचं चित्र आणि शेजारी एकच अक्षर. आजीनं अतिशय प्रेमानं तिघांच्या पुढ्यात एकेक ठेवलं. तिर्झाला सफरचंद लाल रंगवायचं होतं. रेषेच्या बाहेर जायचं नाही. सायलसला एका टोपलीत दोन बदकं आणि दुसऱ्या टोपलीत एक बदक दाखवून, मिळून किती झाली ते बोटांवर मोजायला सांगितलं. ओबीला तर रडूच कोसळलं. तो कधीचाच आईला वर्तमानपत्र वाचून दाखवत होता.

"आजी, तीन," सायलस म्हणाला.

"शाबास," आजी म्हणाली. "घाई नको. पुन्हा मोज."

तिर्झानं दुपारपर्यंत दम धरला. मग ती रंगाचा खडू खाली ठेवून उभी राहिली आणि तिनं आठाचा पाढा म्हटला, बाराचा म्हटला, राजधानीचं नाव सांगितलं, वर लॅटिनचं एक क्रियापद सहाही रूपांत चालवून दाखवलं. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. किती छान पाठ केलंयस गं, ती म्हणाली, अर्थ कळायला लागला की आणखी मजा येईल. आणि तिनं केळ्याचं चित्र पुढं सरकवलं.

खिडकीबाहेर लख्ख ऊन पडलं होतं. झाडांखाली पांढरी तीन पाकळ्यांची फुलं पसरली होती. बाहेर जायचं तर नाव नको. ज्यांना अंडं कुठून येतं ते सांगता येत नाही, त्यांना पाण्याजवळ सोडणं धोक्याचं, असं आजीचं मत पडलं. आणि आईनं मान डोलावली. हे फारच झालं, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दरवर्षी या सुमाराला चर्चमधली सगळी घरी शिकणारी मुलं होड्यांतून नदीच्या बुडीत जंगलात जायची. तिथल्या वठलेल्या झाडांवर बगळ्यांची वस्ती होती, पिल्लं याच दिवसांत बाहेर यायची. तिर्झा हिवाळ्यापासून त्या दिवसाची वाट बघत होती.

रात्री जेवायला ओव्हनमध्ये भाजलेलं नूडल्सचं कॅसरोल होतं. डर्कनं प्रार्थना केली, रुमाल मांडीवर पसरला आणि मोठ्या लेकीकडे वळून, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "तिर्झा, हा काटा आहे. यानं खायचं असतं. हे टोक तोंडाकडे."

नेल्डानं घाईघाईनं पाण्याचा ग्लास उचलला. आजी कॅसरोलमधले वाटाणे निवडत होती. तिर्झानं तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिनं काटा घेतला, सांगितलेलं टोक तोंडाकडे धरलं आणि मुकाट्यानं जेवली.

जेवण झाल्यावर तिनं आजीला व्हरांड्यात गाठलं. आजी झुलत्या खुर्चीत बसून वाळलेला बूट ब्रशनं घासत होती. तिर्झा समोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आजी, तुला कधी कळलं?"

"बगळ्याच्या वेळी," आजी म्हणाली. ब्रश थांबला नाही. "त्याच्या आधी मी सगळं खरं मानत होते. एक रात्र तर रडले मी, तुझ्या बापाच्या संसाराचं काय झालं म्हणून."

हे ऐकल्यावर तिर्झाला पायांखालच्या फळ्या मोजाव्याशा वाटल्या. खोटं मात्र मी एकही बोलले नाही, असं ती हळूच पुटपुटली.

"मीही नाही," आजी म्हणाली. "पाया कच्चा आहे म्हटलं मी. आहेच. फक्त गणिताचा नाही."

तिर्झानं मग फळ्यांखालून ऐकलेलं फोनवरचं बोलणं सगळं सांगून टाकलं. आजीचा ब्रश तेव्हा थांबला. ते मी बोलायला नको होतं, ती म्हणाली. आईला सांगितलंस का? तिर्झानं नाही म्हटलं. "मग मीच सांगते," आजी म्हणाली आणि एका पायात बूट, एका पायात मोजा अशी उठून आत गेली.

थोड्या वेळानं आई बाहेर आली. आजीनं काय सांगितलं ते ती बोलली नाही, पण तिनं तिर्झाला घट्ट जवळ घेतलं. मग लांब धरून विचारलं, की ही उलट प्रश्न विचारायची युक्ती कुठून शिकलीस? एदेनच्या बागेत पहिल्या बाईला फसवताना सापानंही सुरुवात प्रश्नानंच केली होती, ते जरा आठवून बघ. तिर्झाला हे सुचलंच नव्हतं. सायलसला बोलावून आणून तिनं ते सांगितलं, तेव्हा सायलसचा चेहरा उजळला. पाप कुठं होतं ते त्याला अखेर सापडलं होतं.

शनिवारी होड्या निघाल्या. आजीनं एकच अट घातली होती. ती आयुष्यात कधी होडीत बसली नव्हती, तेव्हा तिर्झानं तिच्याच होडीत बसायचं आणि वल्हवायचं. डर्क मागं बसेल असं ठरत होतं, पण आजीनं त्याला हाकलून लावलं. दोघी पुरे आहोत, ती म्हणाली. नेल्डाचे जुने रबरी बूट, गळ्यापर्यंत बांधलेलं नारिंगी जाकीट आणि चर्चला घालायची चांगली गवती टोपी, अशा थाटात ती मागच्या टोकाला बसली. वल्हं तिनं झाडूसारखं धरलं होतं. पहिल्याच वळणावर त्यांची होडी उलटी फिरली आणि बाकीचे पुढं निघून गेले. बराच वेळ त्या दोघी पाठमोऱ्याच प्रवाहाबरोबर चालल्या होत्या. आजीनं सरळ करायची घाई केली नाही. आलेली वाट तरी नीट दिसतेय, असं तिचं म्हणणं पडलं.

बुडीत जंगलात त्या शिरल्या त्या थेट एका पाण्याखालच्या ओंडक्यावर. होडी कण्हली आणि अडकली. तिर्झानं वल्ह्यानं ढकललं, आजीनं दुसरीकडून ढकललं, होडी जागची हलेना. वर पाहिलं तर डोक्यावरच्याच वठलेल्या झाडावर काटक्यांची मोठमोठी घरटी, एकावर एक, आणि प्रत्येकातून विस्कटलेल्या शेंड्यांची भुकेली पिल्लं माना काढून किंचाळत होती. एक बगळी आली, पाय खाली सोडून घरट्याच्या कडेवर उतरली, आणि वरून पांढरी पिचकारी थेट आजीच्या टोपीवर पडली. मग दुसरी. मग अर्धा गिळलेला मासा.

आजीनं टोपीला हातही लावला नाही. तिनं मान वर केली होती आणि तिचं तोंड उघडं होतं. तसं ते राहू नये, हे तिर्झानं सुचवलं, तेव्हा तिनं मिटलं. दूरवरून डर्क हाका मारत वल्हवत येत होता. त्याला यायला वेळ लागणार होता. आजीनं डबा उघडला, टोपीच्या आडोशाला धरून दोघींनी हॅमचे सँडविच खाल्ले.

"एवढं मोठं जंगल आहे," आजी वर बघत म्हणाली, "आणि हे सगळे एकाच झाडावर का दाटी करतात गं?"

तिर्झानं विचार केला. खूप विचार केला. "मला माहीत नाही, आजी."

आजीनं मान खाली केली आणि चष्म्यावरून तिच्याकडे बारीक नजरेनं पाहिलं.

"खरंच माहीत नाही," तिर्झा कळवळून म्हणाली. "देवाशप्पथ."

"शपथ घ्यायची नसते," आजी म्हणाली, आणि सँडविचचा उरलेला तुकडा तिच्या हातात देऊन पुन्हा वर बघू लागली.